अडोर्नो स्ट्रीमिंगला लावायचा तर सुरुवात पैशापासून करा

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या लघुप्रबंधात जर्मन तत्त्वज्ञ आणि संगीत-समीक्षक अडोर्नोचा लोकप्रिय संगीतावरचा १९४१चा लेख आजच्या स्ट्रीमिंगला लावायचा आहे. हल्लीची गाणी एकसारखी असतात एवढं दाखवलं की भागेल का?

भागणार नाही. असे बहुतेक लघुप्रबंध तिथेच कोलमडतात. साचा ओवीला आहे, अभंगाला आहे, मुखडा-अंतऱ्याच्या गाण्यालाही आहे. नुसत्या साच्यावरून कुठलीही चीज भांडवली उद्योगाची ठरत नाही. अडोर्नोने त्या काळच्या अमेरिकन गाण्यांचा साचा जरूर मांडला: ३२ बारांचं (बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला तालाचा एक छोटा तुकडा) मुख्य अंग, आवाजाचा पल्ला एक सप्तक आणि वर एक स्वर. पण त्याच लेखात 'प्लगिंग' आहे, म्हणजे गाणं कानावर इतकं आदळत ठेवायचं की ओळखीचं वाटणं हेच आवडणं होऊन बसतं. शिवाय साचा झाकायला केलेली किरकोळ नक्षी आहे. तिला आभासी वेगळेपण म्हणू. हे तिन्ही धागे एकत्र धरा. त्यासाठी आधी पैसा नेमका कशाचा मिळतो ते पाहा आणि मग ती अट गाण्यात कुठे उमटते ते शोधा.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. एकतिसाव्या सेकंदाला बंद केलं काय, शेवटपर्यंत ऐकलं काय, हिशेबात फरक नाही. जमा झालेल्या रकमेतला हक्कधारकांचा वाटा एका सामाईक गल्ल्यात जातो आणि एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटला जातो. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. दोन श्रोते, प्रत्येकी १०० रुपये भरतात आणि त्यातले ७० गल्ल्यात जातात. गल्ल्यात झाले १४० रुपये. पहिलीने महिनाभरात एकाच गायिकेची गाणी २० वेळा ऐकली, दुसऱ्याने दिवसभर मागे काहीतरी चालू ठेवून ३८० स्ट्रीम केले. एकूण ४०० स्ट्रीम, दर ३५ पैसे. पहिलीच्या गायिकेच्या नावावर आले ७ रुपये. उरलेले ६३ तिने कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे गेले. श्रोत्यागणिक वाटप असतं तर गायिकेच्या नावावर पूर्ण ७० पडले असते. साउंडक्लाउड या दुसऱ्या स्ट्रीमिंग सेवेने २०२१पासून काही कलाकारांसाठी तशी पद्धत आणली, त्यामुळे हा तांत्रिक नाइलाज नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. त्यात स्पॉटिफायवर २०२४पासून आणखी एक अट आली: मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधनच नाही. लक्ष देऊन थोडं ऐकणाऱ्यापेक्षा लक्ष न देता खूप वाजवणारा इथे जास्त मोलाचा ठरतो. अडोर्नो १९३८मध्ये ऐकण्याच्या अधोगतीबद्दल लिहीत होता. इथे तसल्या ऐकण्याला भाव मिळतो, तोही आकड्यांत दाखवता येतो.

प्लगिंगसाठी स्पॉटिफायचा 'डिस्कव्हरी मोड' घ्या. कलाकार किंवा लेबल (ध्वनिमुद्रण कंपनी) एखादं गाणं त्यात टाकतं, मग स्पॉटिफायच्या आतला 'रेडिओ', ऑटोप्ले अशा, सेवा स्वतःच गाणी निवडून लावते त्या ठिकाणी ते पुढे येण्याची शक्यता वाढते. आगाऊ पैसे लागत नाहीत. तिथून झालेल्या स्ट्रीमच्या ध्वनिमुद्रण-मानधनातले ३० टक्के स्पॉटिफाय कापून घेते. खऱ्या रेडिओवर पैसे घेऊन गाणं वाजवायचं तर ते जाहीर करा, असा कायदा अमेरिकेत १९६०मध्ये झाला. या दोन व्यवस्थांची तुलना हे तुमचं एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

आता गाण्याकडे या. दोन काळांतली, एकाच प्रकारच्या यादीतली सारख्याच संख्येने गाणी घ्या. प्रत्येकाची तीन मोजमापं नोंदवा: आवाज कितव्या सेकंदाला येतो, मुखडा किंवा हुक (कानात बसणारी ओळ वा धून) पहिल्यांदा कधी येतो, एकूण लांबी किती. इथे मोठा खड्डा आहे. आवाज लवकर येऊ लागला याचं सगळं खापर स्ट्रीमिंगवर फोडू नका. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १९८६ ते २०१५च्या लोकप्रियता-यादीत वरच्या दहांत आलेली गाणी तपासली होती. सुरुवातीचं वाद्यसंगीत सरासरी २० सेकंदांहून जास्त होतं ते सुमारे ५ सेकंदांवर आलं. स्पॉटिफाय सुरू झालं २००८मध्ये. म्हणजे उतरण आधीच लागली होती. स्ट्रीमिंगने तिला हिशेबाची पक्की रेघ दिली, इतकंच म्हणता येईल. हिंदी-मराठी चित्रपटगीत घेतलंत तर ३२ बार विसरा. मुखडा, वाद्यमेळ, अंतरा हीच चौकट धरा.

'अभिजात विरुद्ध हलकं' या वळणावर मात्र जाऊ नका. बी. व्ही. केसकर १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, टूथपेस्टच्या जाहिरातीवर चालणारी गीतमाला ऐकू लागले. शेवटी १९५७मध्ये विविध भारती आणावी लागली. रसिकतेवरून श्रोत्याला खाली ढकललं की टीका तिथेच संपते.

माध्यम-अभ्यासक डॅलस स्माइदचा १९७७चा 'श्रोता हाच माल' (म्हणजे माध्यम जाहिरातदाराला श्रोतेच विकतं) हा मुद्दा जाहिराती असलेल्या मोफत खात्यालाच चपखल बसतो. सशुल्क खात्यावर तो ताणू नका.

श्रोत्यांना 'हे गाणं आवडतं का' असं विचारण्यावरच समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्डच्या अमेरिकेतल्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात अडोर्नोचं बिनसलं होतं: आवड मोजाल, पण ती घडली कशी ते सुटून जातं. म्हणून सहभागींना स्पॉटिफायच्या गोपनीयता पानावरून आपला विस्तारित ऐकण्याचा इतिहास मागवायला सांगा. तो यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा मुलाखतींच्या आधीच कामाला लागा. त्यात प्रत्येक गाणं किती मिलिसेकंद वाजलं आणि कशामुळे सुरू झालं हे असतं: 'क्लिकरो' म्हणजे स्वतः निवडलं, 'ट्रॅकडन' म्हणजे आधीचं संपल्यावर आपोआप लागलं. आयपी पत्त्याचा रकाना तुमच्याकडे येण्याआधी त्यांनाच पुसायला लावा. आणि 'ट्रॅकडन' दिसलं की लगेच ऑटोप्ले समजू नका. स्वतः रचलेल्या यादीतलं दुसरं गाणंही तसंच नोंदलं जातं, म्हणून त्या ओळी समोर ठेवून सहभागीला एकेक विचारावं लागेल.