डेप्थ मीटर नक्की कुठून मोजतोय ते आधी बघा (उत्तर लांबलंय)

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघंच २४ फुटी शिडाच्या बोटीने चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून आलात, मजा आली, दुसऱ्या रात्री नांगरावर असताना बोट जरा सरकल्यासारखी वाटली पण सकाळी सगळं ठीक होतं, आता आठ दिवसांचा बेत आहे तर एवढी बोट पुरेल का.

बोट पुरेल. दोघांना भरपूर आहे. पण ते "जरा सरकल्यासारखी वाटली" वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितेय. लाइफजॅकेट, हवामानाचा अंदाज, रेडिओवरचं संकटकाळचं चॅनल १६, वेळेवर रीफ करणं (वारा वाढला की शीड लहान करणं) हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. आणि हो, मी इन्स्ट्रक्टर वगैरे नाही, बरीच वर्षं नवऱ्याबरोबर छोट्या बोटींवर फिरलेली बाई आहे, तेव्हा माझं ऐकून झालं की तुमच्या बोटीवर स्वतः तपासून बघा.

आमची पहिली ट्रिप भाड्याच्या बोटीवर होती. बोट ताब्यात देणाऱ्या ऑफिसातल्या माणसाने (ऑफिसचं नाव घेत नाही) वीस मिनिटांत सगळं दाखवून संपवलं. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, की हा खोली दाखवणारा मीटर पाण्याच्या पातळीपासून मोजतो की कीलच्या (बोटीच्या तळाला असलेल्या, पाण्यात खोल जाणाऱ्या पात्याच्या) खालून? तो म्हणाला, "बरोबर दाखवतो, काळजी करू नका." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि मी ते उत्तर म्हणून घेतलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, बाकी सगळं तिच्यातून झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका छोट्या खाडीत नांगर टाकला. ओहोटी जवळपास पूर्ण झाली होती, वारा जमिनीकडून हळू येत होता, पाणी काचेसारखं. मीटरवर ३ मीटर. मी २० मीटर दोरी सोडली (पहिले ८ मीटर साखळी, पुढे दोरी) आणि मनात म्हटलं खोलीच्या जवळजवळ सातपट झाली, मस्त, आता झोपा.

आता खरा हिशोब बघा. मीटर कीलच्या खालून मोजत होता आणि कील १.४ मीटर खोल, म्हणजे पाणी ४.४ मीटर. नांगराची दोरी पाण्यातून नाही, नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) रोलरवरून सुटते, तो पाण्याच्या वर १ मीटर. झाले ५.४. आणि त्या रात्री भरती २.४ मीटर चढणार होती. एकूण ७.८. म्हणजे भर भरतीला माझी "सातपट" दोरी अडीचपट होती!! पाचपट करायलाच ३९ मीटर लागले असते आणि अर्धी दोरी-अर्धी साखळी असली की मी तरी सातपटीच्या खाली झोपत नाही, म्हणजे साधारण ५५ मीटर. आमच्याकडे सगळी मिळून ४० होती. थोडक्यात ती जागाच आमच्यासाठी खोल होती, आणखी आत उथळ पाण्यात जायला हवं होतं.

कमी दोरीने नक्की काय होतं ते सांगते, कारण बरेच जण नांगराच्या वजनावरच अडकून बसतात. नांगर तळात रुततो तो आडवा ओढला गेला तर. दोरी कमी असली की ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगराचा दांडा उचलला जातो, मग तो कितीही जड असू दे, सुटतो. त्यात वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. १० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चिकटून बसलेली बोट २० नॉटला बसेलच असं नाही.

भरतीचंही तसंच. सहा तासांत ती सारखी चढत नाही, पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात तसे दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. २.४ मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांतच १.२ मीटर पाणी वाढतं, म्हणजे झोपताना बघितलेला आकडा मध्यरात्री काही कामाचा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर आणखी लक्ष द्या.

तर, रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली ती आवाजाने. नाळेवर पाणी आपटण्याचा आवाज यायचा तो कुशीवर, म्हणजे बोटीच्या बाजूवर, यायला लागला. बाहेर आले तर वारा फिरून समुद्राकडून येत होता आणि संध्याकाळी समोर असलेली जमीन आता मागे होती. मी नाळेवर ओणवी होऊन दोरीवर तळहात ठेवला. धरलेल्या नांगराची दोरी ताणते आणि सावकाश सैल होते. ही थरथरत होती, खडखड, मग एक झटका, मग एकदम ढिली, परत खडखड. तो स्पर्श एकदा कळला की माणूस विसरत नाही.

मागे जागा असती तर दोरी आणखी सोडून बघता आली असती, तेच पहिलं करायचं असतं. आम्हाला जागा नव्हती. इंजिन लावलं, आणि तिथे दुसरी गोष्ट उघडी पडली, की नेहमी नवरा सुकाणूवर आणि मी नांगरावर असायचो, पण वाऱ्याचा ताण असताना नांगर हाताने उचलणं मला जमेना, म्हणून अंधारात जागा बदलल्या आणि मला त्या बोटीचं इंजिन रिव्हर्समधून फॉरवर्डला कसं जातं हेही हाताला माहीत नव्हतं. एकमेकांना ऐकू येत नव्हतं. सुकाणूचं खालचं टोक खडकाला घासलं तो आवाज मला आजही आठवतो. निघालो कसेबसे, उजाडेपर्यंत बाहेर चकरा मारल्या, ट्रिप तिथेच संपली. ऑफिसने डिपॉझिट ठेवून घेतलं, "नांगर टाकणं ही तुमची जबाबदारी" म्हणाले. असेल माझी जबाबदारी, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांची होती की नाही? अजून राग येतो. पुढची दोन वर्षं मी बोटीवर पाऊल ठेवलं नाही.

तेव्हा जाण्याआधी एवढं नक्की करा. धक्क्याला बांधलेली असताना दोरीला वजन बांधून मीटरच्या सेन्सरशेजारी तळापर्यंत सोडा, पाण्याच्या रेषेवर चिमटीत धरा, वर काढून टेपने मोजा आणि मीटरच्या आकड्याशी ताडा. किती फरक येतो ते मीटरच्या खाली चिकटवून ठेवा. कोणी कितीही सांगितलं "बरोबर आहे" तरी हे करा. नांगर टाकल्यावर हळूहळू रिव्हर्स देऊन तो रुतवा आणि तेव्हा किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन वस्तू धरा, त्यांची रेष हलली तर तुम्ही हलताय. फोनवरचा अलार्म (बोट ठरलेल्या घेराबाहेर गेली की वाजणारा) नांगर पडतो त्या क्षणी लावा, बोट स्थिरावल्यावर नाही, आणि घेराची त्रिज्या दोरी अधिक बोटीची लांबी एवढी ठेवा. एक दिवस दिवसाउजेडी कामं उलटी करा, तुम्ही नांगरावर आणि बायको सुकाणूवर, हातवारे ठरवून. हे मी सगळ्याच जोडप्यांना सांगते आणि बहुतेक जण "बघू" म्हणतात, तुम्ही तसं करू नका.

आठ दिवसांच्या बेताबद्दल एकच, रोज २० सागरी मैलांच्या वर आखू नका. २० फूट वॉटरलाइन (पाण्याच्या रेषेवरची लांबी) असलेली बोट फार तर ६ नॉट जाते, प्रत्यक्षात सरासरी ४ धरा, म्हणजे २० मैलांनाच पाच तास. उजेड असताना पोचलात तरच नांगराची जागा नीट निवडता येते. हे माझं मत, लांब पल्ले मारणारेही असतात.

त्या रात्री किती दोरी सोडली होती, मीटरवर काय दिसत होतं, भरती किती होती, आणि तुमच्याकडे साखळी-दोरी मिळून एकूण किती आहे, एवढं लिहा. मी हिशोब करून सांगते.