पण या वेळेला घरी?

"हे निवृत्त होऊन चार महिने झाले, आणि मला माझंच घर परकं वाटायला लागलंय," फोंड्याहून आलेल्या वहिनी पहिल्याच भेटीत म्हणाल्या. असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी बऱ्याच येतात. बहुतेकींना हे बोलून दाखवायचीही लाज वाटते. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

यजमान सरकारी खात्यात स्टोअरकीपर होते, साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पणजीची सकाळची कदंबा बस कधी चुकली नाही. आता सकाळपासून स्वयंपाकघरात. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, नारळांची वही घातली आणि स्वस्त पडतात म्हणून एकदम ऐंशी नारळ आणले. "माणसं दोन, मॅडम!" वहिनींचे डोळे भरून आले.

दोघांनी मिळून बघायला मी 'पापा आंटे पोर्टास' हा 1991चा जर्मन विनोदी चित्रपट सुचवला. लोरिओ यांनी तो दिग्दर्शित केला आणि नायकही तेच. कंपनीचा हा खरेदी अधिकारी सवलतीपायी कित्येक वर्षं पुरेल इतका कागद मागवतो, म्हणून त्याला घरी बसवतात. घरी येऊन तो त्याच हिशेबाने मोहरीच्या चटणीच्या दीडशे बाटल्या घेतो. अवेळी दारात उभ्या नवऱ्याला बघून बायको गोंधळते. मी इथेच राहतो, तो म्हणतो. पण या वेळेला नाही ना, ती म्हणते.

पुढच्या वेळी यजमान स्वतः आले. शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं, निळं आणि लाल. "खूप हसलो. पण त्या बाटल्या आल्या नि हसू थांबलं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "घरात माझ्या सहीवाचून काही अडत नाही."

अशा माणसाला बागकाम करा, छंद जोपासा असं मी सांगत नाही. त्याला कुणीतरी वाट बघणारं लागतं. नोव्हेंबर जवळ आला होता, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे कागद ते बघू लागले. अकरापर्यंत स्वयंपाकघर माझं, हे मात्र वहिनींनीच त्यांना सांगितलं, माझ्यासमोर, कापऱ्या आवाजात.

झोप, भूक, बोलणं दोन आठवडे हरवलेलं असेल तर चित्रपटावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.

नारळांची वही अजून चालू आहे. परवा वहिनींनी तीन नारळ न लिहिता फोडले. ते बघत होते. काही बोलले नाहीत.