पाय मोडला, मग दारूचं का विचारलं?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. तेरा वर्षांच्या मुलीचा सॉकर खेळताना पाय मोडला. ॲडमिट केल्यावर नर्सने आम्हाला बाहेर बसवून तिला दारूबद्दल विचारलं. आमच्या घरात कुणी थेंब घेत नाही. आम्हालाच का?

तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या तिथल्या सर्जनांच्या संघटनेच्या २०२२ च्या निकषांनुसार मान्यताप्राप्त ट्रॉमा सेंटरने बारा वर्षांवरच्या सर्व दाखल जखमींची ही चाचपणी करायची असते; निदान ८० टक्के जणांची तरी झालीच पाहिजे. तोंड बघून विचारायचं ठरवलं, की ‘चांगल्या घरची’ मुलं हमखास सुटतात. आणि आईबाप समोर असताना कुठलं पोर खरं बोलेल?

बोस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली सहा प्रश्नांची ‘क्राफ्ट’ प्रश्नावली तिकडे बरीच वापरतात. त्यातला गाडीचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो : नशा केलेल्या माणसाच्या गाडीत कधी बसलीस का? स्वतः थेंब न घेणारी मुलगीसुद्धा याला ‘हो’ म्हणू शकते. सहापैकी दोन किंवा जास्त ‘हो’ आले, तर नीट बसून बोलायला हवं.

प्रश्न : सतरा वर्षांचा भाचा बाइकवरून पडला. तोंडाला वास होता, गुंगीत होता. ‘उतरली की बोलेल’ असं आम्ही म्हणत असतानाही डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. उगाच खर्च वाढवला का? (नाशिक)

मुळीच नाही. गुंगी दारूची की डोक्याला लागलेल्या माराची, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून आधी मारच धरून चालायचं. बोटाला टोचून साखरही बघितली असेल. दारूने मुलांची साखर धोकादायक उतरू शकते.

उलट बाजूही लक्षात घ्या. १०० मिली रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने कमी होतं. मित्रांनी घाबरून उशिरा आणलेल्या पोराचा रिपोर्ट ‘निल’ येऊ शकतो. त्यावरून तो पीत नाही असं ठरत नाही. त्यासाठी त्याला विचारावंच लागतं.

प्रश्न : पोलिसांचं लचांड नको म्हणून डॉक्टरांपासून लपवलं तर?

भूल देणाऱ्या डॉक्टरपासून तरी लपवू नका, जिवावर बेतेल. अपघाताची नोंद एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, म्हणून होते, ती तुमच्या गप्प बसण्याने टळत नाही. पोलिसांसाठीचा नमुना वेगळा घेऊन सील करतात, आणि तो घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नसते. एवढं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. आणि घाबरायचंच तर मुलाला दारू देणाऱ्याने घाबरावं. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

प्रश्न : भाचा ‘एकदाच घेतली’ म्हणतो. व्यसनमुक्ती केंद्रात टाकू का?

लगेच नको. आधी टाके सुकेपर्यंत वॉर्डातल्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला त्याच्याशी एकट्याने बोलू द्या. अंगावर प्लास्टर असताना पोरं बऱ्यापैकी ऐकतात. पुढे गरज वाटली, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. मामांनी तोवर मारायला पट्टा काढू नये.