माळवदाची माती

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

आजोळच्या घराचे फोटो पाहून तू विचारलंस, "आई, मातीचं छप्पर पावसात वाहून कसं जात नाही?" त्या छपराला धाराशिव-लातूरकडे माळवद म्हणतात. ते टिकतं, पण त्याची निगा राखावी लागते.

आधी खालून वर बघ. दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, म्हणजे लाकडी वासे. कड्यांवर लाकडाच्या बारीक पट्ट्या दाटीनं बसवतात, ती किलचण. तिच्यावर तुरकाट्या आणि कडुलिंबाचा पाला, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा निदान एक फूट थर, चोपून घट्ट केलेला. उतार अगदी थोडा आणि पन्हाळाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, बाजूला. उतार जास्त झाला तर पाणी जोरात पळतं आणि माती सोबत नेतं; उतार नसेल तर पाणी साचून मुरतं. आपल्या भागात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून हे जमतं. कोकणात त्याच्या तिप्पट-चौपट पडतो, तिथं उतरती कौलंच हवीत.

माती मात्र पांढरीच लागते. शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट घरात! पांढरी माती बारीक असते, भिजली की वरचा थर मिटतो. शिवाय ती खारवट असल्यानं तिच्यात गवत सहसा रुजत नाही. गवत उगवलं तर उपटावंच लागतं, कारण मुळं कुजली की त्या जागी भोक राहतं. उंदरांची बिळंही तशीच बुजवायची. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून चोपतात. भर पावसात गळायला लागलं तर वरून त्या जागी कोरडी पांढरी माती टाकून पायानं दाबतात.

ही माती येते कुठून, हे मला तुला खास सांगायचं होतं. गाव जिथं वसतं त्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतीला काळी. पांढरीत शेकडो वर्षं मातीची घरं उभी राहिली, पडली, त्यांच्यावर पुन्हा घरं झाली. चुलींची राख, शेण, पडक्या भिंती, सगळं एकावर एक साचून टेकाड तयार होतं. छपरावरची माती बहुतेकदा तिथलीच, म्हणजे जुन्या घरांचीच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात अशी मोठी टेकाडं आहेत. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर नावाचं नगर. त्या टेकाडांतून निघालेले मणी, भांडी, मातीच्या मूर्ती गावच्या लामतुरे संग्रहालयात आहेत. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळही बघायला हवं. मागून गोलाकार, बौद्ध चैत्यगृहासारखं. माती खणून नेली की घर शाबूत राहतं, पण टेकाडातला इतिहास विस्कटतो. गावोगावच्या गढ्यांचे बुरूजही असेच पोखरले गेलेत. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरा धोका वजनाचा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, जवळपास साडेचार टन. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेलं की थर दोन फुटांवर जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण आत आणि बाहेर दगडांचे दोन वेगळे थर आणि मध्ये चिखल-खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, म्हणून हादऱ्यात भिंती फुगून फुटल्या. जिथं माळवदाचा भार भिंतीवर नसून मजबूत खांबांवर होता, तिथं काही ठिकाणी भिंती पडूनही छप्पर उभं राहिलं. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली. नवी घरं माळवदाची नाहीत.

मे महिन्यात जाशील तेव्हा मामाबरोबर वर चढ. काठी खुपसून थर किती झालाय ते मोजा. फूटभरापेक्षा फार जास्त असेल तर आधी जुनी माती उतरवायची, मगच नवी टाकायची. आणि कड्यांची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं टोकदार खिळ्यानं टोचून बघा. वाळवी लागली असेल तर खिळा सहज आत जाईल; ती कडी पावसाआधी बदलायला हवी.

तुझी,
आई