मुलगा सडपातळ आहे, मग साखरेची काळजी कशाला?

ताई, मुलगा पंधरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, रोज कबड्डी खेळतो, डॉक्टरांनीही वजन बरोबर आहे म्हटलंय. मग शाळेतून येताना उसाचा रस, क्लासला जाताना कोल्ड्रिंक आणि घरी गोड चहा घेतला तर बिघडलं कुठं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते बिघडतं, आणि वजनावरून ते कळत नाही.

साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज नावाची साधी साखर असतो. तो मुख्यतः यकृतात जातो. गरजेपेक्षा जास्त आला की तिथं त्याची चरबी बनते आणि ट्रायग्लिसराईड होऊन रक्तात उतरते. अमेरिकेतल्या २१५७ किशोरवयीन मुलामुलींची माहिती तपासून २०११ मध्ये एक अभ्यास आला. वरून घातलेली साखर जास्त खाणाऱ्यांत ट्रायग्लिसराईड जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. इन्सुलिनचा बिघाड, म्हणजे इन्सुलिन शरीरात नीट काम न करणं, मात्र जास्त वजनाच्या मुलांतच दिसला. ही एकवेळची पाहणी होती, त्यामुळे साखरेनंच झालं असं तिच्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी मला ती दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

त्यात आपली भारतीयांची शरीरं वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! बारीक दिसणं म्हणजे आतून ठीक असणं नव्हे, हे आपल्याकडच्या प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावं.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. खेळणाऱ्या मुलाला दिवसाला २८०० कॅलरी धरल्या तर ती ७० आणि ३५ ग्रॅम होते. दोन-दोन चमचे साखरेचे दोन चहा म्हणजे १६ ग्रॅम, पाव लिटर कोल्ड्रिंक २५च्या वर, आणि रसाचा एक ग्लासही जवळपास तेवढाच. बिस्किटं धरायच्या आधीच सत्तरीच्या जवळ आलो की!

चिकोडी-निपाणीकडे गुऱ्हाळं बघत वाढलेल्या आपल्याला ऊस आणि गूळ घरचेच वाटतात, म्हणून ‘गूळ चालतो’ म्हणायची सवय आहे. पण गुळातही बहुतेक साखरच असते, आणि रसही याच हिशेबात धरतात. अख्खं फळ आणि साधं दूध मात्र यात येत नाही.

सगळं बंद करू नका. गणपतीत, लग्नकार्यात कुंदा, करदंट खाऊ दे. रोजचं पिण्यातलं गोड तेवढं आधी काढा. क्लासला जाताना ताक किंवा पाण्याची बाटली आणि शेंगदाणे द्या, चहातली साखर हळूहळू कमी करा. पाकिटावर ‘ॲडेड शुगर’चा आकडा असतो, तो त्यालाच वाचायला लावा. या वयात आईच्या सांगण्यापेक्षा स्वतः काढलेला हिशेब लवकर पटतो.

घरात कुणाला मधुमेह असेल तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करावं का, हे डॉक्टरांना विचारा. आणि दाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण घोट-घोट गोड पिणाऱ्या मुलांचे दात वजन कितीही बरोबर असलं तरी किडू शकतात.