छोट्या मिलिंग मशीनसाठी कोणता व्हाइस घ्यावा?

प्रश्न : छंद म्हणून घरी छोटे मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) घेतले असून त्याच्या टेबलाची रुंदी १२० मिमी आहे. बोहरी आळीत ड्रिलचा स्वस्त व्हाइस (कापायचा तुकडा जबड्यांत घट्ट धरणारे साधन) मिळतो आहे, तो चालेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : कृपया तो घेऊ नये. ड्रिलच्या साध्या व्हाइसचा सरकता जबडा आवळताना किंचित वर उचलला जातो आणि त्याबरोबर जॉबही, म्हणजे त्यात धरलेला तुकडाही, उचलला जातो. छिद्र पाडताना हे खपून जाते, परंतु मिलिंगमध्ये कटरचा जोर आडवा येत असल्यामुळे पृष्ठभाग तिरका उतरतो, प्रसंगी जॉब निसटतो आणि ते धोक्याचे आहे. माझ्या मते आपण ७५ मिमी जबड्याचा टूलमेकर व्हाइस घ्यावा, कारण त्यातील तिरका बोल्ट जबड्याला पुढे ओढतानाच खालीही दाबतो. फिरता पाया मात्र टाळावा. छोट्या मशीनवर आधीच अपुरी असलेली उंची तो खातो. दुकानातच जॉबखाली कागदाच्या दोन पट्ट्या ठेवून व्हाइस आवळून पाहावा; पट्टी सहज सरकली, तर जॉब उचलला गेला असे समजावे. बसवताना स्थिर जबड्यावर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) फिरवून तो जबडा टेबलाच्या चालीला समांतर करावा आणि मगच क्लॅम्प पक्के आवळावेत.