डिझेल सांडलेल्या रानाला पेंड घाला, गूळ नको

औसा तालुक्यातून एका भाऊंचा प्रश्न आलाय, ट्रॅक्टर कलंडून टाकीतलं वीसेक लिटर डिझेल सांडलं, तेवढ्या तुकड्यात सोयाबीन उगवलंच नाही, कडेचं पिवळं पडलंय, तर जीवामृत ओतू का माती उपसून फेकू?

भाऊ, माती फेकू नका आन् काडी तर मुळीच लावू नका. डिझेल खाणारे जिवाणू आपल्या रानात असतातच, पण डिझेलात कार्बन भरमसाठ आणि नत्र-स्फुरद जवळपास नाहीच, म्हणजे नुसती भाकरी, कोरड्यास काही नाही. मग ते मातीतलं नत्र ओढतात अन् पीक पिवळं पडतं.

आता हिशोब बघा. 20 लिटर डिझेल म्हणजे साधारण 17 किलो, त्यात कार्बन 14 किलोच्या आसपास. कार्बन 100 ला नत्र 10 आणि स्फुरद 1 असं प्रमाण धरतात, म्हणजे नत्र दीड किलोच्या आतबाहेर. भुईमुगाच्या पेंडीत नत्र 7 टक्के, तवा 20 किलोत भागतं आणि लागणारं स्फुरदही तिच्यातूनच येतं, वेगळं सुपर फॉस्फेट नको. महाग वाटली तर टरफलासकटची सरकी पेंड घ्या, पण ती 35 किलो तरी लागेल. किडलेली असली तरी चालते.

पेंड कुटून पसरा, वर दोन-तीन पाट्या सोयाबीनचं भुसकट टाका, वीतभर खोल कालवा आणि दर 8-10 दिवसांनी खालीवर करा. भुसकट कशाला, तर आपली काळी माती ओली झाली की गच्च बसते, हवा जात नाही आणि हवेशिवाय हे काम लई रेंगाळतं. वाफसा ठेवा, पाणी साचू देऊ नका. विहीर उताराला असेल तर आधी बांध घाला, बाकी सगळं नंतर.

जीवामृत एरवी चांगलंच, पण त्यात गूळ असतो आणि गोड मिळालं की जिवाणू डिझेलाकडं कशाला बघतील राव! युरियाची मूठ मारायचा मोह पण आवरा, जास्त झाला तर उरलेलं पण करपतं.

गॅरेजचं जळकं ऑइल असेल तर गोष्ट वेगळी, त्यात धातू असतात, ते पेंडीनं जात नाहीत, ती माती काढावीच लागते.

दोन-तीन महिन्यांनी त्या मातीत 20 मूग टाका, शेजारच्या चांगल्या मातीत 20. दोन्हीकडं सारखे उगवले तरच पेरा, आणि पहिल्या वर्षी तिथं मेथी-कोथिंबीर नको.